स्थिर चित्रातली धावपळ

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी वलगाव आहे. १९५६ सालच्या डिसेंबरात गाडगेबाबांनी या गावाजवळ देह ठेवला, म्हणून हे नाव महाराष्ट्रभर माहीत झाले. बाबांच्या कीर्तनाची रीत वेगळी होती. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. प्रश्न विचारण्याची ही सवय त्या परिसरातल्या मुलांना अजून आहे, असा मला अनुभव आला.

एप्रिल महिन्यातली चंद्र नसलेली रात्र होती. आकाशदर्शनासाठी तिथल्या मुलांना जमवले होते. उत्तरा फाल्गुनी डोक्यावर आली होती. आग्नेयेला चित्रा आणि पूर्वेला तांबूस स्वाती चमकत होती. या तीन ताऱ्यांच्या मधल्या भागात नुसत्या डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. म्हणून मी पांढऱ्या भिंतीवर त्या भागाचे, मोठ्या दुर्बिणीतून घेतलेले छायाचित्र दाखवले. शेकडो पुसट ठिपके! "यातला जवळजवळ प्रत्येक ठिपका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका आहे. आणि या साऱ्या दीर्घिका एकमेकींभोवती प्रचंड वेगाने धावत आहेत," मी सांगितले.

मागून एका नववीतल्या मुलाचा आवाज आला, "सर, ढग हालतांना दिसते, पेढीचं पानी वायतांना दिसते. पन ह्या धावतेत हे कोनं पायलं?"

प्रश्न अगदी रास्त होता. ते छायाचित्र शंभर वर्षांनी पुन्हा घेतले तरी एकही ठिपका जागचा हललेला दिसणार नाही. मग धावपळ कळली कशी? विद्यार्थी मित्रांनो, या लेखात आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधू या.

दीर्घिकांची गावे

आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे ती आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने एका वर्षात तोडलेले अंतर. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपली मोठी शेजारीण, देवयानी तारकासमूहात दिसणारी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. या दोघी आणि काही डझन लहान दीर्घिका मिळून आपली एक छोटीशी वाडी झाली आहे.

पण विश्वात मोठी गावेही आहेत. चित्रा, स्वाती आणि उत्तरा फाल्गुनी यांच्यामध्ये, उत्तरा फाल्गुनीच्या बाजूला, कन्या राशीतला दीर्घिकासमूह आहे. तो आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्यात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. त्याच्या मध्यभागी मेसिए ८७ ही अवाढव्य दीर्घिका बसली आहे. तिच्या पोटातल्या कृष्णविवराचे चित्र २०१९ साली जगभर गाजले, ते तुम्ही पाहिले असेल. त्याच्या थोडे उत्तरेला, अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेने आणखी खूप दूर, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर, याहूनही दाट वस्तीचे एक गाव आहे. इंग्रजीत त्याला कोमा समूह म्हणतात. आपल्या गोष्टीचा आरंभ तेथून होतो.

अशा समूहांची पहिली मोठी यादी अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज अबेल यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांच्या काचा एकामागून एक डोळ्यांनी तपासून त्यांनी २७१२ समूह नोंदवले. त्या काळी असे काम करायला संगणक नव्हता. "अबेल" हे नाव पुढे क्रमांकासह येईल तेव्हा ही यादी आठवा.

वेग सांगणारी रेघ

बडनेरा स्टेशनच्या फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकली आहे का? गाडी येत असते तेव्हा शिटी बारीक, म्हणजे वरच्या पट्टीत ऐकू येते. ती आपल्याला ओलांडून लांब जाऊ लागली की तोच आवाज एकदम उतरतो. डोळे मिटूनही गाडी येते आहे की जाते आहे हे सांगता येते. आवाज किती उतरला हे मोजले तर वेगसुद्धा काढता येतो.

प्रकाशाचेही असेच आहे. दीर्घिकेचा प्रकाश लोलकासारख्या साधनातून नेऊन पसरला की वर्णपट मिळतो. त्यात हायड्रोजन, कॅल्शियम वगैरे मूलद्रव्यांच्या ठरावीक जागी रेषा असतात. दीर्घिका दूर जात असेल तर या रेषा तांबड्या बाजूला सरकतात. याला ताम्रसृती म्हणतात. ठिपका जागचा हलत नाही, पण त्याच्या वर्णपटातली रेघ त्याचा वेग सांगून जाते.

विश्व प्रसरण पावत असल्यामुळे कोमा समूह सगळाच्या सगळा आपल्यापासून सेकंदाला सुमारे ७००० किलोमीटर वेगाने दूर जात आहे. पण त्यातल्या एकेका दीर्घिकेचा वेग मोजला तर सारे आकडे सारखे येत नाहीत. कोणाचा वेग ६००० च्या आसपास, तर कोणाचा ८००० च्या. हा फरक म्हणजेच समूहाच्या आतली धावपळ. काही दीर्घिका समूहात आपल्या बाजूला येत आहेत, काही पलीकडे जात आहेत. सरासरीपासूनचा हा फरक साधारणपणे सेकंदाला १००० किलोमीटर भरतो.

वहीत करण्याजोगा हिशेब

आता एक हिशेब तुम्हीच करा. कोमा समूहाचा व्यास ढोबळमानाने एक कोटी प्रकाशवर्षे धरा. सेकंदाला १००० किलोमीटर हा वेग प्रकाशाच्या वेगाच्या तीनशेव्या भागाइतका आहे. प्रकाशाला हा समूह ओलांडायला एक कोटी वर्षे लागतात, म्हणजे दीर्घिकेला तीनशे कोटी, अर्थात तीन अब्ज वर्षे लागतील.

विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे. या दीर्घिकांना कोणी धरून ठेवले नसते, तर एवढ्या काळात त्या केव्हाच चहूकडे पांगल्या असत्या. पण गाव तर जागेवर आहे! याचा अर्थ कोणीतरी त्यांना धरून ठेवले आहे. हे काम गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसऱ्या कोणाचे असणार?

शेतात पाखरे हाकायला गोफण फिरवतात, ती डोळ्यांसमोर आणा. दगड जितका जोरात फिरवावा तितका दोरीला ताण अधिक. समजा अंधार आहे, दोरी दिसत नाही, फक्त फिरणारा दगड दिसतो आहे. तरी त्याच्या वेगावरून दोरी किती बळकट असली पाहिजे हे सांगता येईल. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या स्विस शास्त्रज्ञाने कोमा समूहाबाबत हेच केले. दीर्घिकांच्या वेगावरून त्यांना धरून ठेवायला लागणारे वस्तुमान त्याने काढले. मग त्या दीर्घिकांतल्या दिसणाऱ्या ताऱ्यांचे वस्तुमान काढले. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक होता. दिसणारे वस्तुमान मुळीच पुरत नव्हते.

दहावीच्या विद्यार्थ्यांनी हेही करून पाहावे. वस्तुमान = ३ × वेगाचा वर्ग × त्रिज्या ÷ गुरुत्व स्थिरांक. (वर्णपट फक्त आपल्या दिशेचा वेग सांगतो, अवकाशाच्या तीन दिशा आहेत म्हणून तीनने गुणायचे.) वेग दहा लाख मीटर प्रति सेकंद घ्या आणि ५० लाख प्रकाशवर्षांची त्रिज्या मीटरमध्ये मांडा. उत्तर सूर्याच्या वस्तुमानाच्या, एकावर १५ शून्ये, इतके पट येईल.

झ्विकीच्या काळी दीर्घिकांची अंतरे नीट ठाऊक नव्हती, त्यामुळे त्याचे आकडे पुढे बदलले. पण मूळ निष्कर्ष टिकला. समूहात न दिसणारे पुष्कळ काही आहे. त्याला आज कृष्णद्रव्य म्हणतात. झ्विकीच्या या म्हणण्याकडे कित्येक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सरकी थोडी, रुई फार

१९७० च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्याजवळून "उहुरू" नावाचा उपग्रह सोडण्यात आला. क्ष-किरणांनी आकाश पाहण्यासाठी खास बनवलेला हा पहिला उपग्रह. पृथ्वीचे वातावरण अवकाशातून येणारे क्ष-किरण अडवते, म्हणून असे उपकरण वर न्यावे लागते. त्याच्या वेधांतून आश्चर्य बाहेर पडले. दीर्घिकासमूह क्ष-किरणांत झळकत होते, आणि ही झळाळी दीर्घिकांमधून नव्हे, तर त्यांच्यामधल्या "रिकाम्या" जागेतून येत होती.

ती जागा रिकामी नव्हतीच. तिथे अतिशय तप्त वायू भरला होता. कोमा समूहात त्याचे तापमान नऊ-दहा कोटी अंश आहे. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी अंश, यावरून कल्पना करा. आणि विरळपणा तरी किती? आपल्या एक लिटर हवेत सुमारे २५ वर २१ शून्ये इतके रेणू असतात. इथे एका लिटरमध्ये जेमतेम दोन-चार कण. पण समूहाचा पसाराच इतका मोठा की हा विरळ वायू सगळा मिळून साऱ्या दीर्घिकांच्या कितीतरी पट जड भरतो.

वऱ्हाडातल्या मुलांना कापसाचे बोंड समजावून सांगायला नको. बोंडात सरकी बसलेली असते आणि तिच्याभोवती रुई पसरलेली असते. समूहातही दीर्घिका म्हणजे सरकी आणि तप्त वायू म्हणजे रुई. पण वजनाचा हिशेब उलटा. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. दीर्घिकासमूहात मात्र सरकी थोडी आणि रुई फार. सबंध समूहाच्या वजनात दीर्घिकांतले तारे शेकडा दोन-चार, वायू शेकडा बारा ते पंधरा आणि उरलेले शेकडा ऐंशीहून अधिक कृष्णद्रव्य. वायूची भर पडली तरी झ्विकीचे कोडे सुटले नाही. गोफणीची खरी दोरी अजून अंधारातच आहे.

हा वायू धावपळीचा साक्षीदारही आहे. शांत समूहात तो मधोमध गोल, नीट बसलेला दिसतो. दोन समूह एकमेकांवर आदळले की तो पिळवटतो, एका बाजूला ओढला जातो. २००६ साली "बुलेट क्लस्टर" या समूहाच्या अभ्यासात असेच दिसले. टकरीत दोन्ही समूहांचे वायू एकमेकांत अडकून मागे राहिले. दीर्घिका मात्र पार होऊन पुढे निघून गेल्या. आणि समूहाचे बहुतेक वजन कोठे होते? मागून येणारा प्रकाश त्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने किती वाकतो हे मोजल्यावर दिसले, की वजन वायूपाशी नव्हते, ते दीर्घिकांबरोबर पुढे गेले होते. कृष्णद्रव्याचा एवढा ठळक पुरावा त्याआधी मिळाला नव्हता.

आगीची कड आणि मागची राख

आता आपण महाराष्ट्रात परत येऊ. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद नावाचे गाव आहे. तेथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिचे नाव जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यांतल्या १४ मधोमध, एक-दीड किलोमीटरच्या आत दाटीने, आणि उरलेल्या १६ इंग्रजी "वाय" अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखे काम करतात. थाळ्या पत्र्याच्या नसून पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. ज्या रेडिओ लहरी त्या टिपतात त्यांची लांबी सुमारे वीस सेंटिमीटरांपासून दोन मीटरांपर्यंत असते. एवढ्या लांब लहरींना जाळीची भोके जाणवतच नाहीत. शिवाय जाळीतून वारा पार होतो आणि खर्चही कमी.

अशा लांब लहरी दीर्घिकासमूहांतून का येतात? दोन समूहांची टक्कर झाली की वायूत जबरदस्त आघाततरंग उठतात. ते तरंग इलेक्ट्रॉनांना ढकलून जवळजवळ प्रकाशाच्या वेगापर्यंत नेतात. हे इलेक्ट्रॉन तेथल्या क्षीण चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी बाहेर टाकतात. पण ऊर्जा खर्च होत गेली की ते थकतात. आखूड लहरी आधी बंद पडतात आणि लांब लहरी मागे रेंगाळतात. थकलेल्यांचा आवाज ऐकायला लांब लहरींचा कान लागतो, आणि खोडदची दुर्बीण त्या कामात जगातल्या उत्तम दुर्बिणींपैकी आहे.

दक्षिण आकाशात सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांवर अबेल ३३७६ हा समूह आहे. २००६ साली पुण्याच्या आयुका संस्थेतील डॉ. जॉयदीप बागची आणि त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी त्याच्या दोन बाजूंना, कंसासारख्या दोन प्रचंड रेडिओ कडा असल्याचे प्रसिद्ध केले. मधोमध पिळवटलेला तप्त वायू आणि साठ लाख प्रकाशवर्षांच्या पसाऱ्याच्या दोन टोकांना या कडा. पहिले वेध अमेरिकेतील रेडिओ दुर्बिणीचे आणि क्ष-किरण उपग्रहांचे होते. पुढे खोडदच्या दुर्बिणीने त्याच कडा लांब लहरींत पाहिल्या. २०१२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कडेच्या बाहेरच्या अंगाला ताजे, जोमदार इलेक्ट्रॉन होते, आणि आतल्या अंगाला येता येता ते अधिकाधिक थकलेले दिसत होते.

याचा अर्थ काय? उन्हाळ्यात धुऱ्यावरचे वाळलेले गवत पेटले आहे आणि तुमच्या हाती त्याचे फक्त एक छायाचित्र आहे असे समजा. एका कडेला लालबुंद ज्वाळा, तिच्या मागे धुमसते गवत आणि त्याच्याही मागे काळी राख. आग कोणत्या दिशेने चालली आहे, हे सांगायला दुसरे छायाचित्र लागेल काय? नाही! तसेच अबेल ३३७६ मध्ये. ताजे इलेक्ट्रॉन बाहेर आणि थकलेले आत, म्हणजे आघाततरंग केंद्राकडून बाहेर पळत आहे. असे जोमदार इलेक्ट्रॉन साधारण दहा कोटी वर्षांत थकून जातात. म्हणून ही टक्कर विश्वाच्या मानाने ताजीच म्हटली पाहिजे.

एका दिवसाचा बाजार

शेवटची युक्ती फार सोपी आहे. समजा, एखादा पाहुणा आठवडी बाजारात फक्त एक तासभर आला. एका तासात त्याला कोणी लहानाचा मोठा होताना दिसणार नाही. पण आईच्या कडेवरचे पोर, शाळकरी मुलगी, भाजी विकणारा तरणा गडी, काठी टेकत चाललेली आजी, हे सारे त्याला एकाच वेळी दिसतील. माणूस कसा वाढतो हे त्याला त्यावरून जुळवता येईल.

दीर्घिकासमूहांचेही असेच. कोणी नुकतेच जवळ येत आहेत, कोणी आदळत आहेत, कोणी आदळून शांत झाले आहेत. इटलीतील व भारतातील शास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीने अनेक जड समूहांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००७ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि पुढे पुण्यातील शास्त्रज्ञांनी ती वाढवली. काही समूहांच्या मध्यभागी रेडिओ लहरींचा विस्तीर्ण धूसर प्रकाश दिसला, बाकीच्यांत दिसला नाही. ज्यांच्यात दिसला ते प्रामुख्याने आदळलेले, ढवळून निघालेले समूह होते. शांत समूह रेडिओतही बहुधा शांतच.

आणि बाजार एका गावापुरता नाही. जुलै २०१७ मध्ये आयुका आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेने, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, निदान ४३ दीर्घिकासमूहांचा एक महासमूह सापडल्याचे जाहीर केले. त्याला त्यांनी "सरस्वती" हे नाव दिले. त्याची लांबी सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आणि वस्तुमान सूर्याच्या, दोनावर १६ शून्ये, इतके पट. त्याच्या गाभ्यातले समूह गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना बांधलेले आहेत, असे त्यांच्या गणितावरून दिसते. म्हणजे पुढे ते एकमेकांच्या जवळ येत जाणार. तेथला प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय सुमारे दहा अब्ज वर्षे होते. तेवढ्या काळात एवढी मोठी रचना कशी जमली, हा प्रश्न सरस्वतीने पुढे टाकला आहे.

यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. सरस्वतीच्या शोधासाठी वापरलेली दीर्घिकांची नोंद अमेरिकेतील एका दुर्बिणीने केलेली होती, आणि ती नोंद जगात कोणालाही खुली आहे. कडीकुलपात ठेवलेली नाही. ज्याला वर्णपट वाचता येतो, गणित येते आणि धीर आहे, त्याला ती वलगावात बसूनही उघडता येते. खोडदलाही राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी प्रदर्शन भरत आले आहे. शिक्षकांनी एकदा मुलांना घेऊन जावे.

त्या रात्री मी त्या मुलाला जे उत्तर दिले ते असे. दीर्घिका धावताना कोणी पाहिलेल्या नाहीत आणि कोणाच्या आयुष्यात त्या दिसणारही नाहीत. माणसाने त्यांची धावपळ वाचली आहे: सरकलेल्या रेघेत, पिळवटलेल्या वायूत, थकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या राखेत. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मंग ते दोरी कायची हाय?"

कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे? झ्विकीच्या हिशेबाला नव्वद वर्षे उलटून गेली तरी याचे उत्तर कोणालाच सापडलेले नाही. मी त्याला तसेच सांगितले. मग छोट्या तीन इंची दुर्बिणीपाशी रांग लागली, आणि मेसिए ८७ चा पुसट डाग, जो साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश होता, त्या मुलाने सगळ्यांत जास्त वेळ पाहिला.